उघडत नाही म्हणालास ती फ्लॉपी

मिलिंद,

तुझ्या पुण्यानुमोदनाहून परतताना पाटणच्या स्टँडवर मी एकदा चुकीच्या गाडीत चढलो आणि एकदा बरोबर गाडीतून उतरलो. पहिली चिपळूणची होती, कंडक्टरनं तिकीट विचारलं तेव्हा कळलं. दुसरी कराडचीच होती, खिडकीजवळ जागाही मिळाली होती, पण गाडी हलली आणि मला आत बसवेना. ओरडून थांबवली, उतरलो, आणि तासभर स्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिलो. पेरू विकणाऱ्या बाईनं विचारलं, "पावनं, कुनाची वाट बगताय?" मी म्हटलं, "कुणाची न्हाई."

घरी आलो तरी तेच. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठं जावं कळत नाही. कुपवाडला कामावर जायचो, कॉम्प्युटर चालू करायचो, आणि पडद्याकडं बघत राहायचो. एकदा एका सोप्या फ्लँजचं ड्रॉइंग तीनदा काढलं आणि तीनदा पुसलं.

तू गेल्यावरच्या त्या कार्यक्रमात वंदना झाल्यावर लोक एकेक करून उठले, बोलले. गावातले बोलले, तुझी गिऱ्हाइकं बोलली. मग कुणीतरी म्हणालं, "सांगलीचे मित्र आलेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत." मी उठलो. "मिलिंद फार हुशार होता," असं म्हणालो आणि खाली बसलो. शाळेच्या प्रगतिपुस्तकात मास्तर लिहितात तसं! सुजातावहिनी समोर बसल्या होत्या, शेजारी तुझी आई. दोघींनी मान वर केली होती, आणखी काहीतरी येईल म्हणून. आलं नाही.

जे बोलायचं होतं ते त्या मांडवात बोलण्यासारखं नव्हतं. ते तुझ्याशी बोलायचं होतं, आणि त्यासाठी मला चार वर्षं मिळाली होती.

तुला आठवतं, आपली ओळख भांडणानं झाली. सांगलीच्या आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनच्या वर्गात माझी टी-स्क्वेअर तू उचललीस. मी म्हटलं, "ए, ठेव ती." तू म्हणालास, "वाकडी हाय ही. तुजी रेघ का जुळंना ते बगत हुतो." खरंच वाकडी होती. महिनाभर मी स्वतःच्या हाताला दोष देत होतो आणि तू एका नजरेत ओळखलंस. त्या दिवसापासून आपण एका बाकावर. तू कोयनेकडचा, मामाकडं माधवनगरला राहायचास, मामा कापडाच्या गिरणीत. मी जतकडचा, घरी मेंढरं. तू म्हणायचास, "आमच्याकडं छत्री वाळत न्हाई." मी म्हणायचो, "आमच्याकडं छत्री कशाला म्हणत्यात ते लोकांस्नी सांगावं लागतं." यावर आपण दोन वर्षं हसलो. फार काही विनोदी नव्हतं ते. पण हसायचो.

पुढं एकाच मालकाकडं लागलो तेही तुझ्यामुळंच. जाहिरात तू वाचलीस, माझा अर्जही तूच लिहिलास. मालकांचा पंपाचा कारखाना. ड्रॉइंगचा विभाग कुपवाडला, तिथं मी. ओतकाम आणि त्यासाठी लागणारे लाकडी साचे साताऱ्याच्या एमआयडीसीत, तिथं तू. मी काढायचं आणि तू ते वाचून सुतारांना समजावायचं. आधी निळ्या प्रिंटच्या गुंडाळ्या एसटीच्या पार्सलनं जायच्या. मग दोन्हीकडं कॉम्प्युटर आले, आणि गुंडाळीच्या जागी फ्लॉपी आली.

आणि फ्लॉपीत काही मावेना! आपल्या पंपाच्या बॉडीचं एक ड्रॉइंग म्हणजे तीन-चार फ्लॉप्यांचा ऐवज. तुकडे करून पाठवायचे, आणि त्यातली एक जरी बिघडली तरी बाकीच्या सगळ्या वाया. तेव्हा साताऱ्यात कुणाला ठाऊक नव्हतं ते तू कुठून शिकून आलास देव जाणे. कुपवाडला येऊन माझ्या खुर्चीत बसलास आणि फाइल झिप करून दाखवलीस. चार फ्लॉप्यांचं ड्रॉइंग दीड फ्लॉपीत बसलं. मी विचारलं, "बाकीचं गेलं कुठं?"

"कुठं जातंय? आई वाकळ घडी घालून ट्रंकंत दाबती, तसं हाय ह्ये. दाबायची. फाडायची न्हाई. उगडली की हाय तशी."

दाबायची, फाडायची नाही. आपला पुढचा सगळा वाद याच्यावरच चालला. मला फाडायची घाई. न लागणाऱ्या लेयर काढ, जुने ब्लॉक काढ, हॅचिंगच्या रेघा काढ, फाइल बारीक झाली पाहिजे. तू चिडायचास. फोनवर ओरडायचास, "आरं, तुला लागत न्हाई म्हंजी कुनालाच लागत न्हाई व्हय? माजा सुतार त्या हॅचिंगवरून वळकतो, कुठं भरीव हाय आन् कुठं पोकळ." मी म्हणायचो, "तुझ्या सुताराला वाचायला शिकव." यावर तू फोन ठेवायचास. पण दुसऱ्या दिवशीच्या फ्लॉपीत चिठ्ठी असायचीच.

त्या चिठ्ठ्या! फ्लॉपीत जी बोटभर जागा उरायची तिच्यात तू माझ्या नावाची एक छोटी फाइल घालायचास. रोमन अक्षरांत मराठी. 'बिरू, सुताराला वाचायला शिकवतोय, तो मला रंधा मारायला शिकवतोय, बघू कोण आधी शिकतंय.' 'बिरू, सुजाताला बघून आलो. तिनं मला विचारलं, कॉम्प्युटरवर काय करता. मी सांगितलं, दाबतो.' ऑफिसात एकटाच हसत सुटलो होतो मी. मीही लिहायचो. माझ्या लग्नाचं जमलं तेव्हा घरच्यांच्या आधी तुला कळलं, एका नटबोल्टच्या ड्रॉइंगबरोबर.

मालकांनी मोडेम आणला ते तरी विसरता येईल का? आता फ्लॉपी नको, फोनच्या तारेतून फाइल पाठवा म्हणाले. आपण सगळं झिप करून तासभर तार लावून बसलो. निम्म्याच्या पुढं गेलं की वर मालकांच्या घरी कुणीतरी रिसीव्हर उचलायचं, आणि फाइल तुटायची. चौथ्या वेळी तू फोन करून, रजेचा अर्ज टाकतात तसा गंभीर आवाज काढून म्हणालास, "बिरूभाऊ, मालकीणबाईंना झिप करता येतंय का बगा." आपण पुन्हा फ्लॉपीवर आलो.

हे सगळं लिहिताना बरं वाटतंय. म्हणूनच लिहितोय, हेही मला कळतंय. पुढचं लिहायचं टाळतोय.

चार वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी सकाळी अकराला कारखान्याची जीप साताऱ्याला निघणार होती. साखर कारखान्याच्या पंपाचं ड्रॉइंग तिच्याबरोबर जायलाच हवं होतं. त्या आठवड्यात मी एक नवा फॉन्ट बनवला होता. ज्या पृष्ठभागावर नंतर मशीन फिरणार तिथं लाकडी साच्यात जादा जाडी सोडायची, म्हणून छोट्या त्रिकोणाची खूण. तो फॉन्ट फक्त माझ्या कॉम्प्युटरवर होता. त्याशिवाय ड्रॉइंग दुसरीकडं उघडलं तर त्रिकोणाच्या जागी काहीच दिसणार नव्हतं, कोरी जागा. फॉन्टची फाइल सोबत घालायलाच हवी होती. आणि ती घातली की सगळं मिळून एका फ्लॉपीच्या अकरा हजार बाइट वर जात होतं. दुसरी धड फ्लॉपी खणात नव्हती, शेजारच्या ऑफिसातून आणता आली असती. पण आदल्या दिवशी मी तुला पैज लावून सांगितलं होतं, "उद्या एका फ्लॉपीत पाठवून दाखवतो." जीपचा हॉर्न वाजला. मी फॉन्ट काढून टाकला. फ्लॉपीत बसलं. लेबलवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'एक!'

दुपारी तुझा फोन आला.

"बिरू, ह्ये कसला तरी फॉन्ट मागतंय रं. माज्याकडं न्हाई."

समोर दोन माणसं उभी होती, मालक हाका मारत होते. मी म्हटलं, "साधा दे. एंटर मार. काय फरक पडत न्हाई."

"नक्की?"

"नक्की रं. ठेव आता."

एवढंच बोलणं झालं. संध्याकाळपर्यंत मी ते विसरलोही.

साचा बिनजाडीचा झाला. त्यावरून तीन बॉड्या ओतल्या गेल्या. मशीनवर घेतल्यावर तिन्ही मापात कमी भरल्या, भंगारात गेल्या. मालकांनी तुला कुपवाडला बोलावलं. त्या केबिनमध्ये आपण तिघंच होतो. मालक खुर्चीत, तू आणि मी उभे.

"ड्रॉइंगवर खुणा होत्या की नव्हत्या?" मालकांनी मला विचारलं.

"होत्या, साहेब." खोटं नव्हतं. माझ्या कॉम्प्युटरवर होत्या.

"मग साताऱ्यात का दिसल्या नाहीत?"

तू म्हणालास, "फॉन्ट आला नव्हता, साहेब. मी बिरूला फोन करून इचारलं हुतं."

मालक माझ्याकडं वळले. "फॉन्ट पाठवला होतात?"

"पाठवला होता."

"याचा फोन आला होता?"

"फोन रोजच येतात, साहेब. असं काही बोलणं झाल्याचं आठवत नाही."

तू माझ्याकडं बघितलंस. रागानं नाही. आयटीआयमध्ये माझी टी-स्क्वेअर उचलून बघितली होतीस तसं, कुठं वाकडी आहे ते शोधत असल्यासारखं.

"फ्लॉपी कुठाय ती?" मालकांनी विचारलं.

ती तुझ्या शर्टाच्या खिशात होती. तिचा काळा कोपरा मला दिसत होता. कॉम्प्युटर शेजारच्या खोलीत. घालून यादी काढली असती तर एका मिनिटात कळलं असतं, फॉन्ट तिच्यात कधी नव्हताच. तू खिशावर हात ठेवलास आणि म्हणालास,

"हाय, साहेब. पर खराब झालीया. उघडत न्हाई."

तुला त्याच दिवशी घरी जायला सांगितलं. तू माझ्याशी न बोलता गेलास, फाटकापर्यंत पाठमोरा दिसत राहिलास. मी केबिनमध्येच होतो. मालक फाइल मिटत म्हणाले, "यांना असल्या जागेवर बसवलं की असंच होतं." यांना म्हणजे कुणाला, ते मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. माझं म्हणणं त्यांनी इतक्या झटकन खरं का मानलं, तेही मला त्या क्षणी कळलं. मी मान हलवली की नुसता उभा राहिलो, ते आठवत नाही. तुझा फोन आठवत नाही म्हणालो ते खोटं होतं. हे मात्र खरंच आठवत नाही, आणि तेच मला जास्त छळतं.

का केलंस तू तसं? चार वर्षं मी हे तुला विचारायचं योजतोय. माझं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं म्हणून? मला वाचवायला? मग मला ते नको होतं, मिलिंद, आज सांगतो. तू ती फ्लॉपी टेबलावर आपटायला हवी होतीस. मी खोटा ठरलो असतो, हाकललाही गेलो असतो, पण एकदाच. की तुला वाटलं, दाखवून उपयोग नाही? फाइल तूच पुसून आलास, असं मालक म्हणतील आणि त्यांचं म्हणणं खरं मानलं जाईल? हा दुसरा विचार मनात येतो तेव्हा मी जेवणावरून उठतो. घरात विचारतात, काय झालं. काय सांगू?

आणि तरी तू माझ्या लग्नाला आलास. जतला, एवढ्या उन्हात, दोन गाड्या बदलून. पंगतीत वाढलंस. माझ्या बापानं तुला विचारलं, "काम कसं चाललंय?" तू म्हणालास, "आता सोताचं काडतोय, तात्या."

खरंच काढलंस. साताऱ्यात, झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत एक कॉम्प्युटर. लहानसहान वर्कशॉपवाले कागदावर काढलेलं आणायचे, तू ते क्याडमध्ये काढून, झिप करून, फ्लॉपीत घालून द्यायचास. जो येईल त्याला शिकवायचास, कसं दाबायचं, कसं उघडायचं. वर्षभरानं मी तुझ्या खोलीवर आलो होतो. भर दुपार होती. एक गिऱ्हाईक फ्लॉपीसाठी थांबलं होतं आणि तुझ्याकडची सगळी डबी संपली होती. तू खण उघडलास, तळातून एक काढलीस. लेबलवर माझं अक्षर होतं. 'एक!'

मी म्हटलं, "ती नको घेऊ. मी बाजारातून नवी आणतो."

तू ती ड्राइव्हमध्ये सरकवलीस. "चांगली हाय की. हिला कवाच काय झालं नव्हतं."

आणि फॉर्मॅट मारलास. ड्राइव्ह कुरकुरायला लागली, पडद्यावर टक्के चढायला लागले. दहा, वीस, चाळीस. मला वाटलं, आता बोलावं. साठ. गिऱ्हाईक घड्याळ बघत होतं. ऐंशी. शंभर. तू वरचं लेबल नखानं खरवडून काढलंस, नवं चिकटवलंस, गिऱ्हाइकाला फ्लॉपी दिलीस आणि मला म्हणालास, "चल, च्या पिऊ."

तिथं काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. माफ केलंस, की सोडून दिलंस, की खरंच फक्त फ्लॉपी हवी होती? आणि मला काय वाटलं ते सांगू? हायसं वाटलं. पुरावा गेला म्हणून. चहा पिताना जीव हलका झाला होता माझा. तुझ्यासमोर बसून.

त्यानंतर तीन वर्षं आपण भेटत राहिलो, पोराबाळांचं बोललो, नव्या कॉम्प्युटरचं बोललो. फ्लॉपीत चिठ्ठी मात्र तू पुन्हा कधी घातली नाहीस, आणि मीही घातली नाही.

कावीळ झाल्याचं कळलं तेव्हा मी साताऱ्याला आलो. दवाखान्यात तुझ्या खाटेभोवती सगळे बसलेले. आई पायाशी, वहिनी उशाशी. तुझे डोळे हळदीसारखे पिवळे. वाटेत कराडपासून मी शब्द जुळवत आलो होतो. तू मला जवळ बोलावलंस आणि कामाचं बोलायला लागलास. कोरेगावच्या एका माणसाचं कडबाकुट्टीच्या पात्याचं ड्रॉइंग अर्धं राहिलंय, तो रोज येऊन जातोय, तेवढं पुरं करून दे.

"करतो," मी म्हटलं.

"झिप करून दे. आन् फॉन्ट संगं घाल, बरं का."

वहिनी पाणी ओतत होत्या. आई तुझे पाय चेपत होत्या. आपल्या दोघांशिवाय त्या वाक्याचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. तू हसलास का? मला तसं वाटलं. ताप होता, ओठ सुकले होते, कदाचित तसं दिसलं असेल. मी म्हणालो, "घालतो." त्या गोष्टीवर चार वर्षांनी तोंड उघडलं ते एवढ्यासाठी.

ड्रॉइंग मी त्याच दुपारी पुरं केलं, तुझ्या खुर्चीत बसून. फॉन्ट घातला. घातला का ते तीनदा उघडून बघितलं. मग तुझ्या कॉम्प्युटरवर जुन्या चिठ्ठ्या शोधल्या, माझ्या किंवा तुझ्या, एखादी तरी. काही नव्हतं. गिऱ्हाइकांची कामं नीट लावलेली, बाकी सगळं स्वच्छ पुसलेलं. चौथ्या दिवशी तू गेलास.

कार्यक्रमानंतरच्या रविवारी मी पुन्हा तुझ्या गावी गेलो. वहिनी पडवीत डाळ निवडत होत्या. आई शेजारणीकडं गेल्या होत्या. मी बसलो आणि सगळं सांगितलं. फॉन्ट, फोन, केबिन, फ्लॉपी. मालक नंतर जे म्हणाले तेही. सांगताना त्यांचे हात थांबले नाहीत. संपलं तेव्हा त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"भावजी, ह्ये तुमी मला कशाला सांगताय?"

"मनात राहिलं होतं, वहिनी."

"आन् त्यांच्या मनात न्हवतं व्हय राहिलं? त्यांनी मला सुदिक सांगितलं न्हाई. मी इचारलं तर म्हनले, चूक झाली. कुनाची ते म्हनले न्हाईत. मी चार वर्सं धरून चालले, ह्यांचीच." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तुमचं मन मोकळं झालं. आता मी काय करू त्येचं?"

त्या आत गेल्या आणि एक कागद घेऊन आल्या. कारखान्यानं तुला काढताना दिलेलं पत्र. 'कामातील गंभीर निष्काळजीपणामुळे.' घड्यांवर झिजून भोकं पडली होती. असं पत्र दिलंय हे मला ठाऊकच नव्हतं.

"ह्ये घेऊन पाच कंपन्यांत गेले हुते. पाची ठिकाणी च्या पाजला आन् माघारी पाटवलं. खोली काडली ती काय हौस म्हणून न्हाई. तुमी मला नका सांगू. ज्यांनी ह्ये दिलं त्यांस्नी जाऊन सांगा."

सोमवारी सकाळी मी मालकांच्या केबिनमध्ये गेलो. तीच केबिन, उभा राहिलो तीही तीच जागा. बोलायला लागलो तर मालक मध्येच म्हणाले, "थांबा, थांबा. कुठलं ड्रॉइंग?"

त्यांना आठवतही नव्हतं, मिलिंद. तीन बॉड्या, साचा, तू, काही नाही. मी पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बरं, झालं ते झालं. तो बिचारा आता राहिला नाही. उगाच कशाला उकरता? चांगला मुलगा होता."

"चांगला होता तर तसं लिहून द्या, साहेब."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "टाइप करून आणा."

मी टाइप केलं. 'सदर चूक मिलिंद यांच्याकडून झालेली नव्हती, असे नंतर लक्षात आले आहे. त्यांच्या कामाबद्दल कंपनीची कोणतीही तक्रार नाही.' मालकांनी सही केली, शिक्का मारला. मला वाटलं, सुटलो. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून पाटणची गाडी धरली.

वहिनींनी उभ्याउभ्या वाचलं आणि कागद माझ्याकडं परत केला.

"ह्यात तुमचं नाव न्हाई."

मी काहीतरी बोलायला गेलो.

"त्यांच्याकडनं न्हाई झाली, मग कुनाकडनं झाली? आपोआप झाल्यागत लिवलंय ह्ये. त्यांचं नाव हुतं की त्या पत्रात, पुरं, आडनावासकट. तुमचं घालून आना."

परतीच्या गाडीत मला तुझा राग आला. वहिनींचा नाही, तुझा. तू असतास तर म्हणाला असतास, जाऊ दे की गं. तुझ्या त्या 'जाऊ दे'वर मी चार वर्षं काढली होती. कराडला पोचेपर्यंत राग उतरला आणि भीती उरली. घर, पोरगी, नोकरी, सगळं डोळ्यांपुढं येऊन गेलं. पत्रात एक ओळ वाढवायची होती. त्या ओळीत माझं नाव, आडनाव, आणि मी खोटं बोललो एवढं. टाइप करायला दोन मिनिटं लागली असती. मला दोन दिवस लागले.

मालकांनी वाचून कागद टेबलावर ठेवला. "तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय, कळतंय का?"

"कळतंय."

"मग मीही लिहून ठेवतो. उद्यापासून ड्रॉइंगच्या खोलीत बसू नका. काय करायचं तुमचं, ते कळवतो." आणि सही केली. मी वळलो तेव्हा म्हणाले, "तो त्या दिवशी काही बोलला का नाही मग?" पहिल्यांदाच त्यांना प्रश्न पडला होता. मी म्हटलं, "बोलला होता, साहेब. तुम्ही मला विचारलंत आणि माझं खरं धरलंत."

आज तुझ्या घरी पोचलो तेव्हा आई चुलीपुढं होत्या. वहिनींनी कागद घेतला, आधी मनात वाचला, मग आईंना ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचला. कुठंही न थांबता, माझ्या नावाशीसुद्धा. आईंनी तव्यावरची भाकरी काढली, हात पुसले आणि वहिनींना विचारलं, "बिरू म्हंजी ह्यो आपला बिरू?"

"व्हय."

आई माझ्याकडं वळल्या. आयटीआयच्या सुट्टीत त्यांच्याकडं आलो की मला आधी आणि तुला नंतर वाढायच्या, पाहुणा म्हणून. मी दारातच उभा होतो. बस कुणी म्हटलं नव्हतं, जा म्हटलं नव्हतं.

"त्येला सांगितलंवतंस का रं, त्यो हुता तवा?"

"न्हाई, आई."

"येकदा बी?"

"न्हाई."

त्या पुन्हा चुलीकडं वळल्या. पाठ माझ्याकडं होती तेव्हा म्हणाल्या, "त्यो वाट बगत असंल की मग."

वहिनींनी कागद ट्रंकेत ठेवला आणि झाकण लावलं. मी बाहेर आलो. गाडीला अजून वेळ होता. स्टँडवर गेलो नाही, तुमच्या घराच्या वरच्या अंगाला जो कठडा आहे तिथं बसलो, वहीचे कागद काढले आणि तुला लिहायला लागलो. गाडी गेली. दुसरीही गेली. लिहीत बसलोय, मिलिंद.